त्रेचाळीस इंचांचं वाकडं अंगण

माझ्या सासूबाई मोटार चालवायला शिकवतात. गेली एकतीस वर्षं. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी त्या बसतात आणि त्यांच्या पायाशी आणखी एक ब्रेक आहे. त्याला आम्ही ‘दुसरा ब्रेक’ म्हणतो. नियम साधा आहे: त्यांनी तो दाबला की समोरचा नापास. कुत्रा आडवा आला होता की ट्रक, तुमचा पाय ब्रेककडे निघालाच होता का, यावर चर्चा नाही. मी त्यांच्याकडे तीनदा नापास झालो. चौथ्यांदा गुपचूप दुसऱ्या शाळेत जाऊन पास झालो, आणि हा दगा त्या अजून विसरलेल्या नाहीत.

मी घरजावई आहे. स्वतःच सांगितलेलं बरं, म्हणजे मागून कुणी सांगायला नको. घरात सासूबाई मला ‘जावईबापू, तुम्ही’ म्हणतात. गाडीचं दार लागलं की तेच जावईबापू ‘अरे, आरसा काय केस विंचरायला दिलाय तुला?’ होतात. मला दोन्हींची सवय आहे.

मी घरी बसून एका फर्निचरवाल्यासाठी स्वयंपाकघरातली कपाटं कॉम्प्युटरवर आखतो. संध्याकाळी चहा झाला की त्याच कॉम्प्युटरवर सासूबाई आणि मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. स्क्रीनचे दोन भाग, वरची गाडी त्यांची, खालची माझी. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि अकरा वर्षांत मी एकही शर्यत जिंकलो नव्हतो. कारण उघड आहे. वळणाची पाटी लांबून दिसली तरी मी ब्रेक मारतो. सासूबाई वळण अगदी नाकाशी येईपर्यंत थांबतात, मग बोट असं टेकवतात की गाडी भिंतीला घासतेय असं वाटतं, आणि घासत नाही.

एकदा जिंकल्यावर त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “ज्या दिवशी जावईबापू मला हरवतील, त्या दिवशी मी दुसऱ्या ब्रेकवरून पाय काढीन.” आम्ही पोट धरून हसलो होतो. मी जरा कमी हसलो होतो.

तर झालं असं की माझा मॉनिटर बसला. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा निकाल ती एका ओळीत देते. “मॉनिटरच आण,” ती म्हणाली. “टीव्ही हा टीव्ही असतो.” पण मॉनिटरच्या किमतीत दुकानात त्रेचाळीस इंची टीव्ही मिळत होता. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण पडदा हा पडदा. मी तो खोका स्वतः उचलून आणला आणि कुणी न विचारता घरभर सांगितलं की डोकं वापरलं की स्वस्तात मस्त मिळतं.

पहिल्या दिवशी चित्राच्या चारी कडा पडद्याबाहेर गेल्या होत्या. खालची पट्टी अर्धी कापलेली, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं घड्याळ दिसेना. मी मनगटी घड्याळ बांधायला लागलो. बारीक अक्षरांना लाल-निळी किनार यायची. मी अक्षरं मोठी केली. माउस हलवला की बाण थोडा थांबून, मग निघायचा. मी हळू काम करायला लागलो. मी मुळातच हळू, टीव्हीही हळू, आमचं जमलं. यातलं बायकोला काही सांगितलं नाही, कारण मग ती नुसती माझ्याकडे बघत राहिली असती.

त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना हरवलं.

पहिल्या वळणावर त्यांची गाडी भिंतीवर आदळली. दुसऱ्यावरही. मी माझ्या नेहमीच्या भित्र्या चालीने, पाटी दिसताच ब्रेक मारत, शेवटच्या रेषेवर पोचलो तेव्हा त्या अजून एका झाडातून मागे येत होत्या. मी खुर्चीतून उठून दोन्ही हात वर केले. चाळिशीतला माणूस, पण उठलो. सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि “परत,” म्हणाल्या. परतही मीच जिंकलो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तेच. मी फर्निचरवाल्याला फोन करून कपाटांच्या बिजागऱ्यांबद्दल बोलता बोलता हेही सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी त्या डोळे तपासून आल्या. “डोळे ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे हातपायच गेले.”

“नवा पडदा आहे, आई,” मी उदारपणे म्हणालो. जिंकणाऱ्याला उदार व्हायला काय जातं? “सवय होईल.”

“नाचता येईना अंगण वाकडं,” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षं हेच ऐकवतेय मी. क्लच कडक आहे म्हणणाऱ्याला, सीट मागे जाते म्हणणाऱ्याला. आता मी स्वतः टीव्ही वाईट म्हणू?”

आणि खरंच, त्यांनी टीव्हीचं नावसुद्धा काढलं नाही.

मला वाटलं गंमत तिथेच संपेल. पण सासूबाईंच्या पायात भीती शिरली. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडचे पाच जण नापास झाले. एक परिचारिका होती, तिला दोन दिवसांनी परवान्याची परीक्षा द्यायची होती. जेवताना त्या म्हणाल्या, “ती बाई थांबत होती. अगदी बरोबर थांबत होती. मीच आधी दाबला. आपल्याला उशीर झाला तर, असं मनात आलं आणि पाय गेला.” मग ताटातला घास तसाच ठेवून म्हणाल्या, “शिकवणाऱ्याचा स्वतःच्या पायावर भरवसा नसेल तर त्याने तिथे बसू नये. दुसऱ्याच्या पोराबाळांचा जीव असतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉर्नला फोन केला. हॉर्न म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेचा मालक. त्याचा आवाज एवढा मोठा की त्याला फोनची गरज नव्हती. शनिवारी सकाळी दहा वाजता तो दुसऱ्या ब्रेकसकट गाडी कायमची घेऊन जाणार, असं ठरलं.

“बरंच झालं,” बायको मला म्हणाली. “चौसष्ट वर्षांची आहे ती. किती दिवस लोकांच्या चुकांवर ब्रेक मारत बसेल?” पण त्या रात्रीचा स्वयंपाक तिने आईला विचारून विचारून केला, आणि ती कधीच काही विचारत नाही.

मंगळवारी दुपारी मी चहा घेऊन खोलीच्या दाराशी आलो तर सासूबाई एकट्याच खेळत होत्या. माझ्याकडे पाठ होती. त्या एकच वळण परत परत घेत होत्या. आदळलं की मागे, पुन्हा तेच. आवाज टीव्हीतून येत नव्हता. मी माझे जुने छोटे स्पीकर थेट कॉम्प्युटरला लावले होते. आणि तिथे, हातात कप धरून, मला पहिल्यांदा ऐकू आलं. आधी टायर किंचाळायचे. मग, पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाने, पडद्यावरची गाडी ब्रेक मारायची. आधी धडकेचा आवाज, मग धडक. त्यांचं बोट वेळेवर पडत होतं. चित्रच उशिरा येत होतं. म्हणजे वळण जेव्हा त्यांना नाकाशी दिसायचं, तेव्हा ते खरं तर केव्हाच येऊन गेलेलं असायचं. मला त्याने काही फरक पडत नव्हता, कारण मी एवढा आधी ब्रेक मारायचो की टीव्ही चहा पिऊन आला असता तरी चाललं असतं.

त्या बाहेर गेल्यावर मी खोक्यातली पुस्तिका काढली. तिच्यात बारा भाषांत एकच गोष्ट चुकीची लिहिली होती, पण चित्रांवरून कळलं. टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. आधी त्याला पावडर लावतो, लाली लावतो, नीट विंचरतो, मग बाहेर आणतो. रिमोटमध्ये आत कुठेतरी ‘गेम मोड’ असतो, तो लावला की नटवणं बंद. मी लावला. माउसचा बाण हाताला चिकटल्यासारखा हलला. एक शर्यत खेळून पाहिली, आवाज आणि धडक एकदम आली.

मग मी तो पुन्हा बंद केला.

हे लिहिताना लाज वाटते, पण बंद केला. अकरा वर्षांत मिळालेली ती एकच गोष्ट होती. आणि गेम मोड म्हटलं की टीव्ही आला, टीव्ही म्हटलं की ‘टीव्ही हा टीव्ही असतो’ आलं. मी मनाशी म्हणालो, बायकोच म्हणते बरंच झालं, म्हाताऱ्या माणसाने आराम करावा. स्वतःला पटवायला माणसाला फार हुशारी लागत नाही. बुधवारी जिंकलो. गुरुवारीही जिंकलो, पण उठून हात वर केले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची शर्यत झाली. मी जिंकलो. सासूबाईंनी गेमचं पॅड टेबलावर सरळ करून ठेवलं, त्याची वायर गुंडाळली आणि म्हणाल्या, “छान चालवता हो आता तुम्ही.”

अकरा वर्षांत त्यांनी माझ्या चालवण्याबद्दल चांगला शब्द काढला नव्हता. “मला काळजी असायची,” त्या म्हणाल्या. “पोरगी तुमच्या गाडीत बसली की ती घरी येईपर्यंत मी जेवायची नाही. आता मी नसले तरी चालेल.”

मी रिमोट उचलला.

“आई,” मी म्हणालो, “अंगण वाकडं आहे.”

“काय?”

“अंगणच वाकडं आहे. मी आणलं ते.” आणि मी सगळं सांगितलं. आवाज, धडक, पावडर, लाली. बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती नुसती बघत राहिली; म्हणजे मला ज्याची भीती होती तेच.

“कधी कळलं तुम्हाला?” सासूबाईंनी विचारलं.

“मंगळवारी.”

“आज शुक्रवार आहे.”

“हो.”

 त्यांनी गुंडाळलेली वायर सोडली. मी गेम मोड लावला आणि आम्ही खेळलो. पहिलंच वळण त्यांनी असं घेतलं की गाडी आणि भिंतीच्या मधून कागद गेला नसता. मी अर्ध्या वाटेवर असताना त्या पोचल्यासुद्धा. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासाठी हात वर केले.

त्यांनी मात्र पॅड खाली ठेवलं. “मुद्दाम हरलात,” त्या म्हणाल्या. “आधी टीव्हीची गोष्ट रचली, मग हरलात. म्हातारीला बरं वाटावं म्हणून.”

“आई, शपथ.”

“अगं आई,” बायको म्हणाली, “मुद्दाम हरायला आधी खेळता यावं लागतं.”

हे माझ्या बाजूने होतं म्हणून मी गप्प बसलो. पण सासूबाईंना पटलं नाही. “खेळातलं खेळात,” त्या म्हणाल्या. “हॉर्न दहाला येतोय. तुम्ही नऊला गाडीत बसा. गेममध्ये तुम्ही मुद्दाम वाईट चालवू शकता. रस्त्यावर तुम्हाला ते मुद्दाम करावं लागत नाही.”

शनिवारी नऊला मी स्टिअरिंगवर बसलो. दार लागलं. “पट्टा,” त्या म्हणाल्या. “आणि नीट चालव. माझ्यासाठी काही नाटक केलंस तर इथेच उतरवीन.”

मी नीट चालवली. हीच तर पंचाईत झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी आरसे पाहिले, सिग्नलला सावकाश थांबलो, सायकलवाल्याला जागा दिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, दुसऱ्या ब्रेकला काही कामच नव्हतं.  शेजारी सासूबाईंचा पाय ब्रेकवर नुसता टेकला होता, आणि गुडघा किंचित थरथरत होता. ते पाहून मला रडू येईल असं वाटलं. या बाईला मी चार दिवस असं ठेवलं होतं. मुद्दाम चूक करावी असंही मनात आलं, पण त्यांनी ओळखलं असतं. घराकडे वळायची वेळ झाली. मी त्यांच्या गुडघ्याकडे बघत वळलो.

गाडी थांबली. पट्टा छातीत रुतला. मला वाटलं इंजिन बंद पडलं.

मग मी समोर पाहिलं. कडेला उभ्या असलेल्या एका व्हॅनचं दार रस्त्यात सताड उघडलं होतं. त्यातून उतरणारी बाई दाराला धरून उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. आमच्या गाडीचं नाक तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. माझा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता.

सासूबाई खाली, स्वतःच्या पायाकडे बघत होत्या. गुडघा आता थरथरत नव्हता.

“दार कधी दिसलं तुला?” त्यांनी विचारलं.

“गाडी थांबल्यावर.”

“मला हँडल हललं तेव्हाच दिसलं,” त्या म्हणाल्या, जरा स्वतःशीच. मग त्या बाईला पुढे व्हायची खूण केली, ती गेल्यावर सीटला पाठ टेकली आणि डोळे टिपले. “नापास,” त्या म्हणाल्या.

इतक्या आनंदाने मी कधी नापास झालो नव्हतो.

घरी पोचलो तर हॉर्न फाटकाशी उभा होता. त्याने गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात किल्ली मागितली. सासूबाईंनी ती पर्समध्ये टाकली.

“गाडी द्यायची नाही,” त्या म्हणाल्या. “एक विद्यार्थी राहिलाय. त्याला उघडं दार दिसत नाही, आणि दिसलं तरी चौथ्या दिवशी सांगतो.”