ओल्या पोत्यातली गिटार

मी एक जुनी, बारा तारांची गिटार आहे. अकोल्याला देवमन आणि चतुराबाई या नवराबायकोच्या घरी भिंतीला टांगलेली असते आणि, मित्रांनो, सुखात असते. माझ्या पोटावर एक जाड सागवानी पट्टी डकवलेली दिसते ना? तिचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका लहान कारखान्यातला. लाकूड हलकं, पॉलिश भडक, म्हणून मी स्वस्त. एका रेल्वेगार्डाने मला घेतलं आणि १९६३ साली निवृत्त होऊन गावी जाताना मालधक्क्यावरच्या कारकुनाला, म्हणजे देवमनला, अगदी थोडक्या पैशांत देऊन टाकलं. सोबत बोटांच्या चार पकडी शिकवल्या. त्या चारांवरच देवमन खूश! कचेरीतून आला की हातपाय धुऊन आधी मला मांडीवर घ्यायचा. तारांच्या सहाही जोड्या झंकारल्या की शेजारपाजारची माणसं दारात येऊन उभी राहत. मला फार बरं वाटे.

पण घरात खरा गळा चतुराबाईचा. कापूस वेचणाऱ्या आपल्या आईवर तिने एक गाणं रचलं होतं. बुद्धपौर्णिमेला विहारापुढे ते म्हणायची तिची फार इच्छा. गायनमंडळाच्या जानरावांना मात्र पेटीवर एकच पट्टी येई, आणि तीही उंच. देवमन मलाही त्याच पट्टीत ताणून ठेवी. आदल्या वर्षी वरच्या सुराला चतुराबाईचा आवाज फाटला, पोरं हसली, आणि ती अर्ध्या गाण्यातून खाली बसली. यंदा पुन्हा उभं राहायचंच, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तो वैशाख आठवला की अजून अंगाचा दाह होतो. माझं लाकूड तडकेल या काळजीने देवमनने मला ओल्या पोत्यात गुंडाळलं, माठाला गुंडाळतात तसं, आणि सकाळ-संध्याकाळ वरून पाणी शिंपडलं. माया होती हो ती! पण चौथ्या दिवशी सरस सुटला आणि तारा जिला बांधतात ती माझी घोडी उचकटून वर आली. पौर्णिमा चार दिवसांवर!

"अवो, गिटार हाय ते, माठ नाई! पानी काहून घातलं तिच्यावर?" चतुराबाईने कपाळाला हात लावला.

म्हाताऱ्या बुधाजी सुताराने मला सावलीत वाळवलं, नवा सरस लावला, वर सागाची पट्टी बसवली.

"जमली," तो म्हणाला. "पन आता ताणू नको हिले, देवमन. तारा ढिल्याच ठेव, नाईतं पुन्हा उखडन."

"ढिल्या ठेवल्या तं पेटीशी मिळन कशी?" देवमन रडवेला झाला.

घरी येऊन त्याने हलक्या हाताने मला खालच्या पट्टीत लावलं. माझा आवाज जाडाभरडा निघाला. मला लाजच वाटली. तेवढ्यात चुलीपाशी भाकर थापता थापता चतुराबाई माझ्या सुरात गुणगुणू लागली, आणि तिचं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत कुठेही न अडखळता गेलं. पिठाच्या हातांनीच ती धावत बाहेर आली.

"तसंच वाजवा! मले इथंच गाता येते. जानरावभाऊले सांगा, माह्या गान्यापुरती पेटी बंद ठेवा."

जानराव फुगून बसले, पण पेटी बंद राहिली. पौर्णिमेच्या संध्याकाळी चतुराबाई गायली, मी तिच्याबरोबर वाजले, आणि कोणी हसलं नाही. जन्मभर कापूस वेचलेली जाईबाई पुढे येऊन म्हणाली, "अजून एकडाव म्हन, बाई." दुसऱ्या खेपेला जानरावांची बोटं पेटीवर हळूच आमची पट्टी शोधत होती.

त्याला आता तीन-चार वर्षं झाली. तेव्हापासून मी ढिलीच आहे, आणि घोडी जागची हललेली नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला पाण्यापासून जपा, वाजवून झालं की तारा थोड्या उतरवा. आणि कुणाचा आवाज तुमच्या सुरापर्यंत पोचत नसेल, तर हसायच्या आधी आपल्या तारा जरा सैल करून बघा.