कमळूला खाली आणलं तो दिवस

कमळूला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. आश्रमशाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी मुरबाड-म्हसा रस्त्यावर जीप चालवू लागलो आणि तो सिद्धगडाच्या उतारावर एकटाच राहिला. वरची सगळी वाडी पाण्यासाठी, शाळेसाठी हळूहळू खाली रस्त्याला येऊन वसली. कमळू तेवढा हलला नाही. कारवीच्या कुडाचं घर, नाचणीचा एक तुकडा, सहा कोंबड्या आणि रानात मोहोळं कुठे लागतात याचा डोक्यात पक्का हिशेब, एवढंच त्याचं होतं.

तरुणपणी शहापूरकडच्या एका कंपनीत त्याने वॉचमनची नोकरी धरली होती. अकराव्या महिन्यात साहेब म्हणाला, केस बारीक काप. त्याच दुपारी त्याने गेटची किल्ली साहेबाच्या टेबलावर ठेवली, बूट काढून शेजारी ठेवले आणि अनवाणी स्टँडवर आला. मी विचारलं तर म्हणाला, "बूट त्यांचे होते. पाय माझे हायत."

म्हशाच्या जत्रेला मात्र दर वर्षी उतरायचा. घ्यायचं काही नसायचं. बैलबाजारात फिरत कुणी न विचारता सांगायचा, "याचा डावा गुडघा गेलाय रे, घेऊ नको." विकणारे त्याच्या अंगावर धावून यायचे. तो हसत पुढच्या बैलाकडे वळायचा.

माझ्याकडे त्याने आयुष्यात एकच गोष्ट मागितली. त्याच्या ओट्यावर कोरा चहा पीत बसलो होतो. म्हणाला, "शाम, मी मेलो का मला इथंच ठेव. खाली नेऊ नको. खाली मला करमत नाय."

"नाय नेणार," मी म्हणालो. चहा पिता पिता असं म्हणायला काय लागतं?

फाल्गुनात त्याच्या छातीत दुखू लागलं. मी हट्टाने त्याला मुरबाडला दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या सकाळी खाट रिकामी. सलाइनची सुई त्याने स्वतःच काढून उशीवर ठेवली होती. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याची बहीण सकुबाई भाकऱ्या घेऊन वर गेली, तर तो भिंतीला टेकून गडाकडे बघत बसलेला. ती बराच वेळ त्याच्याशी बोलली. मग तिच्या लक्षात आलं.

तिचा मुलगा संदेश शहापूरहून आला. म्हणाला, "मामाला खाली आणू. एवढे पाहुणे वर कसे चढतील? नदीवरच करू." सगळ्यांनी माना हलवल्या. सकुबाईने माझ्याकडे पाहिलं. कमळूने तिलाही तेच सांगितलं होतं. मी घड्याळात पाहिलं आणि गप्प बसलो.

बांबूला चादर बांधून झोळी केली. पुढे वाडीतले गणू आणि पंढरी, मागे संदेश आणि मी, आणि आमच्याही मागे सकुबाई. कमळू काटकुळा माणूस, पण त्या दिवशी बांबू खांद्यात रुतत होता. दर शंभर पावलांवर थांबावं लागलं. त्याचे डोळे सकाळी कुणालाच मिटवता आले नव्हते, म्हणून तोंडावर पंचा टाकला होता.

कारवीतून उतरताना वाट अरुंद होते. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. ऊन डोक्यावर होतं. वारा नव्हता. तिथे खालून पावलं ऐकू आली. वाळल्या पानांवर अनवाणी पावलं, घाई नाही, अडखळणं नाही, रोजची वाट असावी तशी.

"बाजूला घ्या रे," गणू म्हणाला. "कोण तरी वर येतोय."

आम्ही चौघं झोळी खाली टेकवून कड्याला चिकटून उभे राहिलो. पावलं वळणावर आली. आमच्या पुढ्यातली पानं एकेक करून दबली. धुराचा आणि मधाचा वास आला. माणूस दिसला नाही. आमच्या छातीपासून हातभर अंतरावरून ती पावलं गेली आणि मागे वर चढत राहिली. मी मान वळवली. सकुबाई डोक्यावर पदर ओढून, खाली बघत, वाट देऊन उभी होती.

"गेला," ती म्हणाली.

झोळी उचलायला जोर लावला आणि पंढरी तोल जाऊन पडता पडता राहिला. बांबू नुसता वर आला. जणू झोळीत वाळलं गवत होतं. संदेशने घाबरून ती खाली ठेवायला लावली आणि पंचा बाजूला केला. कमळू आतच होता. डोळे मिटलेले होते.

तिथून पुढे आम्ही कुठेच थांबलो नाही.

नदीवर चिता पेटल्यावर मी संदेशला बाजूला घेतलं. "त्याने मला सांगितलं होतं, वरच ठेव म्हणून. मी बोललो नाय."

"का नाय बोलला, शाममामा?"

"पाहुण्यांसमोर जमलं नाय."

त्याने बाहेर आलेलं एक लाकूड जाळात सरकवलं. "आता बोलून काय उपयोग," म्हणाला. "तो तर आपल्याला ओलांडून गेला."

तेराव्याला सकुबाईला एकदम आठवण झाली, वर कोंबड्या राहिल्यात. रानमांजराने एव्हाना खाल्ल्या असतील, तरी बघून ये, उरल्या असतील तर खाली घेऊन ये म्हणाली. मी सकाळी नऊच्या सुमारास पोहोचलो. सहाच्या सहा कोंबड्या अंगणात नाचणी टिपत होत्या. दाणे नुकतेच फेकलेले होते. खापरीत पाणी काठोकाठ, आणि झरा तिथून अर्ध्या तासावर. खुराड्याचं दार उघडून त्याला दगडाचा टेकू दिला होता.

मी ओट्यावर बसलो. "कमळू, चुकलं माझं," मोठ्याने म्हणालो. एक कोंबडी माझ्या पायाजवळ येऊन दाणे शोधू लागली. तिला धरायला मी हात पुढे केला आणि आतून कुणीतरी खाकरलं.

मी हात मागे घेतला, उठलो आणि न पळता उतरलो.

सकुबाई दारात वाल सोलत होती. रिकामे हात बघून म्हणाली, "खाल्ल्या का?"

"नाय," मी म्हणालो. "नीट हायत. राहू दे त्यांना वर."

तिने मान हलवली आणि मला बसायला गोणपाट पुढे केलं.