ठकूबाईसाठी ठेवलेली ढील

मी कोंडाजीच्या जीपची एक्सलेटरची वायर बोलतेय. हसू नका. दसऱ्याला बॉनेटला हार मिळतो, टायरखाली लिंबू ठेवतात, माझी आठवण मात्र गाडी अडली की होते. माझं एक टोक कोंडाजीच्या पायाखाली, दुसरं इंजिनाला. त्या पायाच्या मनात काय आहे ते आधी मला कळतं, मग गाडीला.

कुडपण ते पोलादपूर ही आमची रोजची फेरी. तेव्हा वर डोंगरावर मोबाईल लागत नसे. निरोप, औषधं, सासरी निघालेल्या पोरी, सगळं आमच्याच गाडीतून जायचं. बाजाराच्या दिवशी पुढच्या सीटवर कोंडाजीची बायको ठकूबाई असायची. बाई तशी धीट, पण वळण आलं की समोरची दांडी घट्ट धरून ओरडायची, "हळू वो!" मग हा मेला मुद्दाम पाय दाबायचा. "भ्या वाटतंय तर उतर गो, चालत ये!" मागची माणसं खो खो हसायची, आणि ठकूबाईसुद्धा.

पुढं तिच्या पोटात गाठ निघाली. महाडला दवाखान्यात न्यायचं ठरलं, आणि नेमकी त्या सकाळी गाडी पळेना. चूक माझीच म्हणा, जुनी होऊन सैल पडले होते. पायडल अर्धं दाबलं तरी इंजिनाला पत्ता नाही. कसंबसं पोलादपूर गाठलं, तिथं चंदन मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, मला बोटानं हलवून पाहिलं.

"वायर ढिली हाय, कोंडाजीभाऊ."

"ताण. चांगली ताण. बिगीनं महाड गाठायचंय."

त्यानं नट फिरवून मला असं ताणलं, की पाय नुसता टेकला तरी गाडी उडी मारायची. बघता बघता महाड आलं. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय! तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी कोंडाजीला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता घरी न्या." एवढंच.

परत येताना तो पुन्हा चंदनच्या दारात थांबला. चंदन खुशीत बाहेर आला. "काय, पळते ना मस्त?"

"ढिली कर."

"अवो, परवाच तर ताणली!"

"कर रे बाबा. झटका बसला की ती कळवळते."

चंदननं पुढच्या सीटवर पाहिलं. गोधडीत गुंडाळलेली ठकूबाई डोळे मिटून बसली होती. त्यानं पाना घेतला आणि मला सैल सोडलं.

मग आम्ही घाट चढलो, रमतगमत म्हणावं तसे. मागच्या गाड्या हॉर्न देऊन वैतागल्या, कोंडाजीनं सगळ्यांना पुढं जाऊ दिलं. वळण आलं की सवयीनं तिचा बारीक आवाज यायचा, "हळू वो." तो म्हणायचा, "हळूच हाय गो."

कुडपणच्या कच्च्या वाटेवरच्या शेवटच्या वळणाला ती काहीच बोलली नाही. कोंडाजी म्हणाला, "हळूच हाय गो." त्याचा पाय थरथरलेला मला कळला. पण त्यानं गाडी थांबवली नाही, पळवलीही नाही. तसंच हळू तिला अंगणापर्यंत आणलं. मी लोखंडाची, पण त्या दिवशी मी तुटले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यानं मला कधी ताणू दिलं नाही. सवाऱ्या कुरकुरायच्या, "यापरीस बैलगाडी बरी!" तो ऐकून घ्यायचा.

आता त्याचे गुडघे गेले. जीप विकली. नव्या मालकानं ती चंदनच्या दारात उभी केली आहे आणि चंदन पुन्हा माझ्यावर वाकला आहे. "ढिली हाय," तो नव्या मालकाला सांगतो, पण बघतो कोंडाजीकडे.

"ताण बाबा," कोंडाजी म्हणाला. "आता झटका बसंल असं कोण हाय?"

नव्या मालका, तुझं पोट आहे, तू गाडी पळव. पण वळणावर शेजारचं माणूस "हळू" म्हणालं, तर त्याची थट्टा करू नकोस रे. तेवढं ऐक.

चंदननं नटाला पाना लावला आहे. कोंडाजी रिकाम्या सीटवर हात ठेवून, तोंड फिरवून उभा आहे.

"हळू रे," तो म्हणतोय.