इस्त्री

तुम्ही एका माणसाला पळपुटा ठरवलंत. बसल्या खुर्चीवरून, चहाचा कप हातात धरून. संदेश, राहणार कळवा, तुमच्या टगवरचा ऑइलर. घरात म्हातारी आई आणि बायको. त्याच्या नावापुढे ‘बोट सोडून पळाला’ असं लिहून तुम्ही मोकळे झालात. नौपाड्यातल्या तुमच्या त्या काचेच्या ऑफिसात माणसांना चपला बाहेर काढायला लावता, देवळासारखं. मग देवळात बसून कथा ऐकतात तशी ही पण ऐका. मध्ये बोलू नका, फोन बघू नका.

टग म्हणजे कोळशाचे तराफे ओढत नेणारी बारकी, घाणेरडी बोट. तिच्या पोटात इंजिनाशेजारी संदेश राबायचा. त्याचा शेवटचा मेसेज तेगलहून आलेला. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं लहान शहर. ‘इंजिन बसलंय, अँकरवर आहोत. अंगात कणकण आहे, टेन्शन घेऊ नको. इथं मातीच्या किटलीत चहा देतात, तुला आवडेल.’ रसिका, त्याची बायको, कोपरीतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. तिनं लगेच लिहिलं, ‘चहा राहू दे, आधी प्लेटलेट्स बघ.’ एकच टिक उमटली. दुसरी उमटलीच नाही.

ती तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही सांगितलंत, तो पळाला. ती म्हणाली, तो कशाला पळेल? तुम्ही म्हणालात, ते आम्हाला काय ठाऊक मॅडम, तुमचं घरातलं तुम्हाला माहीत.

मग एका संध्याकाळी ती भाकऱ्या थापत असताना फोनवर ‘संदेश’ हे नाव पेटलं. पिठाच्या हातानंच तिनं उचलला. आत बाईचा आवाज.

“सांदेस... इस्त्री?”

“कोण बोलतंय? संदेश कुठंय?”

“इस्त्री? सांदेस इस्त्री?”

रसिकाचं डोकं फिरलं. इतक्या दिवसांनी नवऱ्याचा फोन, त्यावर परकी बाई, आणि ती विचारतेय इस्त्रीचं. “नो इस्त्री,” ती जवळजवळ किंचाळली. “नो. नो इस्त्री. संदेशला फोन दे.”

मग कट. उलटा लावला तर बंद. तो बंदच राहिला.

“कोण गो?” विमलाबाईंनी, तिच्या सासूनं, आतून विचारलं.

“कोणतरी बाई होती आई. इस्त्री इस्त्री करत होती.”

“म्हणजे लाँड्रीत लागला काय तो?” म्हातारी भिंतीला टेकून बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला. “असू दे. जिता आहे ना. आज ना उद्या येईल.”

शब्द कळला नसता तर रसिकानं कुणाला तरी विचारलं असतं, मोबाइलमध्ये शोधला असता. पण हा कळलेला. बिल्डिंगीच्या खाली जिन्याला लागून त्याचं अख्खं टेबल होतं, वर जळकी चादर अंथरलेलं.

बातमी बाहेर जायला कितीसा वेळ लागतो. शेजारच्या मीराबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “घरात कधी स्वतःच्या पँटीला हात लावला नाही, आणि तिकडं जाऊन लोकांचे कपडे करतो? बाईशिवाय पुरुषमाणूस एवढा सुधारत नाही हो.” रसिकानं दार लावून घेतलं. तिला संदेश परत हवा होता असंही तेव्हा राहिलं नव्हतं. टाकलं असेल तर तोंडावर सांग, एवढंच. गळ्यातलं ठेवायचं की काढायचं, हे तरी एकदा ठरू दे.

फोनचं सांगायला ती पुन्हा तुमच्याकडे आली. इस्त्री म्हटल्यावर तुम्ही हसलात. “मग झालंच की मॅडम. असे ढीगभर बघितलेत. बंदरात उतरतात, कुणीतरी भेटते, तिथलेच होतात. तुम्ही अजून तरुण आहात, वाट बघत बसू नका.” आणि तिला चहा मागवलात. ती प्यायली.

शेवटी सोन्याच्या बांगड्या मोडून ती गेली. जकार्त्याला विमानानं, तिथून तेगलला रेल्वेनं. जन्मात ठाणे जिल्ह्याबाहेर गेली ती एक कोकणात, तेवढीच. पण राग माणसाला कुठंही पोचवतो. वाटभर ती एकच वाक्य घोकत होती: “शर्ट घाल आणि चल.” त्यापुढच्या शिव्या आयत्या वेळी सुचतील, याची तिला खात्री होती.

तेगलला सायकलरिक्षा असते, पण तिच्यात गिऱ्हाईक पुढं आणि चालवणारा मागं. बोलायला समोर कुणी नाही. रस्ता सरळ तुमच्या अंगावर येतो. तसंच ते शहर तिच्या अंगावर आलं. स्कार्फ बांधलेल्या बाया स्कूटरवर मागेपुढे पोरं घेऊन शाळेत सोडायला निघालेल्या. बाजारात बारक्या लाल कांद्यांच्या जुड्या, खारवलेली बदकाची अंडी, निळसर, एखाद्या जुन्या कपासारख्या रंगाची. केळीच्या पानात काय काय बांधलेलं. एक म्हातारी पाठीवरच्या टोपलीत बाटल्या घेऊन दारोदार हिंडत होती. तिनं रसिकाला थांबवून हातात पेला दिला. पिवळं, आंबटगोड. हळद, चिंच, गूळ. रसिकाला ती चव घशातून खाली उतरवता येईना. वाईट होती म्हणून नव्हे. घरची होती म्हणून. घाण गाव असतं, परकं असतं, तर बरं झालं असतं. हे असं गाव. इथं तो रमला असेल, रमणारच.

आणि लाँड्र्या. गल्लीगल्लीत लाँड्रीची पाटी, कपडे बटाट्यासारखे किलोवर तोललेले. रसिका पहिल्या दुकानात शिरली, मोबाइलवरचा फोटो पुढे धरला, हवेत हात मागेपुढे फिरवून दाखवला. “संदेश. इंडिया. इस्त्री?”

दुकानदारानं फोटो बघितला, मग तिच्याकडे बघितलं. बोट तिच्याकडे करून हळूच विचारलं, “इस्त्री?”

“हो, इस्त्री. येस.”

त्यानं छातीवर हात ठेवला, तिला बसायला स्टूल दिलं. त्याला माहीत नव्हतं, पण त्यानं शेजारच्याला हाक मारली, त्यानं पुढच्या गल्लीतल्या लाँड्रीवालीला. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, तीच मान हलवणं, आणि मग लोकांचा आवाज आपोआप खाली येणं. कुणी पाणी दिलं, कुणी तळलेलं टोफू कागदात बांधून दिलं. कुणीही हसलं नाही. हसलं होतं ते फक्त तुमचं ऑफिस. एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, हातोहात, त्या गावानं तिला धक्क्याजवळच्या एका खानावळीपाशी नेऊन उभं केलं. तिकडं तिला वारुंग म्हणतात. काचेच्या कपाटात तळलेले मासे, बाकावर मातीच्या किटल्या.

मालकीणबाईचं नाव नार्ती. तिनं फोटो बघितला आणि ओला हात साडीसारख्या गुंडाळलेल्या लुंगीला पुसत राहिली, हात कोरडा झाल्यावरही.

“सांदेस,” ती म्हणाली. मग रसिकाकडे बघून, “इस्त्री?”

“हो बाई, हो, इस्त्री. कुठाय तो?”

नार्ती कपाटाला वळसा घालून बाहेर आली आणि तिनं रसिकाला मिठीच मारली. तळलेल्या कांद्याचा वास, आणि हुंदके. रसिका लाकडासारखी उभी. हीच ती, तिच्या मनात आलं. पन्नाशीची, गोल, पुढचे दात किडलेले. हिच्यासाठी मला?

नार्तीनं दुकान बंद केलं. रसिकाचा हात धरून तिला बाजारात नेलं आणि फुलवाल्या बाईकडून केळीच्या पानाचा द्रोण घेतला. गुलाबाच्या सुट्या पाकळ्या, मोगऱ्याच्या कळ्या. रसिकाला वाटलं, देवळात नेतेय. संदेशनं इथं येऊन लग्नच केलं असणार, आणि आता देवासमोर उभं करून सगळं सांगणार. चल, तिथंही सांगून दाखव. रिक्षा एका फाटकाशी थांबली. आत पांढऱ्या चाफ्याची झाडं. कळव्यात असा चाफा कुणाच्या अंगणात दिसला की रसिका दोन फुलं उचलून केसात घालायची. इथं तो ओळीनं लावलेला, आणि झाडांखाली मातीचे लांबट उंचवटे.

कोपऱ्यातल्या उंचवट्यावर लाकडी फळी. पांढऱ्या रंगानं इंग्रजी अक्षरं, जरा वाकडी. सांदेस. इंडिया.

नार्तीनं द्रोण तिच्या हातात दिला आणि पाकळ्या ओतायची खूण केली.

“हे काय?” रसिकानं मराठीत विचारलं. तिनं पुन्हा विचारलं, “हे काय आहे?” द्रोण तिच्या हातात होता तसाच राहिला. ऊन चढलं, तिला खाली बसावं लागलं, तरी तिनं तो उलटा केला नाही. शेवटी नार्तीनंच तिच्या बोटांमधून तो हलके सोडवला.

दुपारी बाकावर बसून त्या दोघी मोबाइलमधून बोलल्या. नार्ती तिच्या भाषेत बोलायची, आणि मोबाइल एका कोरड्या पुरुषी आवाजात मराठी बोलायचा, बातम्या देतात तसं.

“तो ताप घेऊन बोटीवरून उतरला. बोट त्याला ठेवून गेली.”

“तो माझ्या दुकानाच्या मागे झोपला. त्याचे डोळे पिवळे होते.”

डोळे पिवळे. रसिका रोज लॅबमध्ये असल्या डोळ्यांच्या माणसांचं रक्त काढते. फॉर्मवर डॉक्टरांनी लिहायच्या आधी तिला कळतं.

“मी त्याला इस्पितळात नेले. त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. पत्नीला बोलवा म्हणाला. मी त्यात पैसे भरून आणले आणि फोन लावला.”

“मग फोनवर इस्त्री इस्त्री काय करत होतीस?” रसिकानं मोबाइल हिसकावून विचारलं. “कसली इस्त्री? नीट का नाही बोललीस?”

मोबाइलनं ते जमेल तसं तिकडच्या भाषेत केलं. नार्ती गोंधळली. मग तिनं पडद्यावर वाकून एकच शब्द उच्चारला, शाळेतल्या पोराला सांगावा तसा सावकाश. “इस्त्री.”

मोबाइल म्हणाला, “पत्नी.”

रसिका त्या पडद्याकडे बघत बसली. बाकावरच्या किटलीतला चहा निवला, वर साय धरल्यासारखा काळा तवंग आला. तिच्या कानात तिचाच आवाज, पिठाच्या हातानं फोन धरलेला. नो. नो इस्त्री. तो तिकडे विचारत होता माझी बायको आहे का, आणि ती इकडून सांगत होती, नाही.

नार्ती भोळी असेल, मठ्ठ नव्हती. तिनं रसिकाचा चेहरा वाचला. मोबाइल तोंडाजवळ नेऊन ती काहीतरी पुटपुटली.

“मी ते त्याला सांगितले नाही,” मोबाइल म्हणाला. “मी सांगितले, पत्नी येत आहे. तो हसला. नंतर झोपला.”

साहेब, इथवर चूक रसिकाची आहे असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ती स्वतःही तेच म्हणते, रोज, कुकरच्या शिट्टीसारखं. पण कथा इथं संपत नाही.

दुसऱ्या दिवशी नार्ती तिला इस्पितळात घेऊन गेली. तिथली एक नर्स इंग्रजी बोलणारी. तिला संदेश नीट आठवत होता. बायको ‘नाही’ म्हणाल्यावर नार्ती रडत या नर्सकडे गेलेली. संदेशच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तुमच्या ऑफिसचा नंबर होता. नर्सनं दुसऱ्या सकाळी तो लावला. नाव सांगितलं, पासपोर्टचा नंबर सांगितला, माणूस अत्यवस्थ आहे, कुणालातरी पाठवा म्हणून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “ही इज नॉट अवर क्रू.” आमचा माणूस नाही. तिनं परत लावला, तेव्हा उचललाच नाही. त्या दिवशी तो जिवंत होता. पुढचे काही दिवसही होता. रसिका तुमच्याकडे इस्त्रीचं सांगायला आली आणि तुम्ही तिला चहा पाजलात, ते या फोनच्या नंतर.

रसिका परत आली. विमलाबाईंना तिनं तो गेल्याचं सांगितलं. मग एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी खालच्या मानेनं विचारलं, “जवळ कोण होतं गो त्याच्या?”

“एक बाई होती आई.”

“चांगली होती काय?”

“चांगली होती.”

म्हातारी मान हलवून परत भाजी निवडायला लागली. मीराबाईंनी हल्ली त्या घराच्या दारावरून जाणं सोडलंय, वळसा घालून दुसऱ्या जिन्यानं जातात.

आज रसिका तिसऱ्यांदा तुमच्याकडे आलीय. चपला काढलेल्या नाहीत. चहा मागवू नका, ती पिणार नाही. ‘झालं ते वाईट झालं’ हेही नको, ते तिला सगळ्या बिल्डिंगीनं म्हणून झालंय. एक शब्द तिला उलटा कळला, कारण तो तिच्या भाषेतही होता. तुमच्या फोनवर आला तो शब्द हॉस्पिटल होता. तो कुठल्या भाषेत उलटा कळतो? फोन तुमच्या ऑफिसात वाजला, तो कुणीतरी उचलला, नाव ऐकलं, आणि माणूस जिवंत असताना त्याला नाकारलं. हे चुकून झालं नाही.

तो फोन कुणी उचलला होता? ती समोर बसलीय. नाव सांगा.