बगदादवाल्याची टीका

आमच्या शेजारचा अनंत मुलुंडला विम्याच्या ऑफिसात कारकून आणि रविवारी अरबीचा विद्यार्थी. वय पन्नास. कशाला रे अरबी, विचारलं की म्हणतो, "आवडतं." संपलं. शिकवायला घाटकोपरहून अत्तार सर यायचे. कॉलेजातून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याचे. फी नाही, चहा आणि थालीपीठ.

दोघांचं एक जुनं व्याकरण चाललं होतं, आणि त्यावरच्या दोन टीका. म्हणजे सातआठशे वर्षांमागं दोन पंडितांनी तेच पुस्तक आपापल्या परीनं समजावलेलं. एक अंदालुसचा, म्हणजे तिकडं स्पेनचा, दुसरा इजिप्तचा. मूळची एक ओळ वाचायची, मग हा काय म्हणतो, मग तो काय म्हणतो. सर "हं" म्हणाले की पुढची ओळ. नाही म्हणाले तर तिथंच मुक्काम.

एका रविवारी अनंत बोलून गेला, "सर, तुमचा इजिप्तवाला फार पाल्हाळ लावतो. अंदालुसवाला बघा, दोन शब्दांत मोकळा."

सरांनी चष्मा काढला. "त्याला घाई होती. गाडी पकडायची असेल."

आणि "हं" म्हणालेच नाहीत. चपला घातल्या, गेले. नंतर फिरकलेच नाहीत.

वाट लागली ना! दिवाळीनंतर सर कायमचे सोलापूरला मुलीकडं जाणार होते, आणि ह्याचं शेवटचं प्रकरण राहिलेलं.

"एकटा वाच की," मी म्हटलं.

"धाकू, ते सरांपुढं वाचायचं असतं रे. नाहीतर नुसती पानं उलटणं."

"मग माफी माग."

"कशाची? अंदालुसवाला चांगलाच आहे!"

आता असल्या दोन हट्टी माणसांना सरळ मार्गानं कोण भेटवणार? माझा मेहुणा लवू दुबईहून टेपरेकॉर्डर घेऊन आलेला. त्याबरोबरचं माहितीपुस्तक अरबीत. मी त्याला खाकी कव्हर घातलं. बायको शेवंती बघत होती. "तुका दुसरा काम नाय?" म्हणाली. नव्हतंच.

वाण्याच्या दुकानातून सरांना फोन लावला. "सर, रद्दीत तिसरी टीका सापडली. कोणी बगदादवाला आहे. तुमचे दोघंही चूक म्हणतो."

"दोघंही?" सरांचा आवाज चढला. "कोण आहे कोण हा?"

अनंतला तेच सांगितलं. रविवारी सकाळी दोघं माझ्या खोलीत हजर. एकमेकांकडं बघेनात.

सरांनी पुस्तक उघडलं. एक पान बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. मला वाटलं, आता हेच पुस्तक डोक्यात बसणार.

"अनंत," सर गंभीरपणे म्हणाले, "वाच."

अनंतनं वाचलं आणि त्याचा ओठ थरथरायला लागला. "हे यंत्र उन्हात ठेवू नये."

"यावर तुझा अंदालुसवाला म्हणेल," सर म्हणाले, "ऊन सगळ्यांना माहीत आहे. यंत्रही माहीत आहे. पुढे चला."

अनंत खाकरला. "आणि तुमचा इजिप्तवाला म्हणेल, उन्हाबाबत चार मतं आहेत. बसऱ्याचे पंडित म्हणतात, सकाळचं चालतं. कूफ्याचे म्हणतात, सावलीचाही भरवसा नाही. आमच्या गुरूंनी टेपरेकॉर्डर पाहिला नव्हता, तरी त्यांचं मत असं की..."

सर फुटलेच. डोळ्यांतून पाणी. "नालायका, पाठ केलायस की त्याला!"

"तुम्ही तरी अंदालुसवाल्याला कुठं सोडलंय, सर?"

मग काय, सेल कसे घालावेत यावर तो वेगळा वाद. मला अर्धं कळलं नाही, पण हसून बरगड्या दुखल्या. शेवंतीनं दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा गार झाला. शेवटी अनंत उठला, शेजारून खरं पुस्तक घेऊन आला, अडलेली ओळ वाचली. दोन्ही टीका वाचल्या. सरांनी मान हलवली आणि "हं" म्हणाले.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा सरांनी उरलेली पानं चिमटीत धरून बघितली. "नुसत्या रविवारी हे होणार नाही. उद्या येतो."

"उद्या ऑफिस आहे, सर."

"रजा टाक."

अनंतनं जन्मात कधी खोटी रजा घेतली नव्हती. बिचारा माझ्याकडं बघायला लागला. रजेचं कारण मी सुचवलं. एकदम झकास होतं, पण इथं लिहीत नाही, त्याचे साहेब अजून त्याच ऑफिसात आहेत.