काकूंनी भरलेली ओटी

इंग्लंडमधलं, रीडिंगचं भाड्याचं घर सोडताना देवांच्या कोनाड्यावरची काजळी अनुराधानं आपणहून घरमालकिणीला, शशीकाकूंना दाखवली. नंदादीप तिचा, चातुर्मासभर तेवलेला. मग काजळीही तिचीच. "मी घासून देते, काकू." काकू म्हणाल्या, "असू दे गं." आठवड्यानं काकांचा फोन आला. भिंत, छत, कार्पेट, सगळं नवं करावं लागतंय, डिपॉझिटमधलं काहीच उरत नाही.

"तुला कुणी विचारलं होतं?" तिचा नवरा, गिरीश म्हणाला.

"दिसतच होती ना ती."

"दिसत होती. बोलत नव्हती."

मंदीत त्याची नोकरी गेलेली. तिघं मित्राच्या हॉलमध्ये पडून होते. स्लाउमध्ये एक स्वस्त खोली ठरली होती. शुक्रवारपर्यंत तिचं डिपॉझिट भरायचं. नाही तर अनुराधानं लेकीला, ईराला घेऊन नाशिकला माहेरी जायचं, गिरीशनं इथंच काम शोधायचं. परत कधी, ते दोघंही बोलत नव्हते.

डिपॉझिटचे तंटे सोडवणाऱ्या स्कीमला तिनं फोन केला. बाई गोड बोलली, पण नियम २००७च्या एप्रिलनंतरच्या करारांनाच लागू. यांचा आधीचा, आणि पुढं नवा केलेलाच नाही. "आपल्या माणसांत दरवर्षी कसले कागद?" काका म्हणाले होते, आणि तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; यांच्याकडे तर चढायलाही वेळ नव्हता.

गुरुवारी, उपासाच्या पोटी, ती काकूंकडे गेली.

"काकू, रंगाचे कापून घ्या. बाकीचे द्या. नाही तर मला न् ईराला इंडियाला जावं लागेल. हे इथं एकटे."

काकूंनी चहा ढवळला. "यांच्या व्यवहारात मी नाही गं पडत. आणि आईकडे जायला मिळतंय, तेवढंच बरं. आम्हाला मेलं कुठं जमतंय."

"काका आहेत?"

"झोपलेत."

वरून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती. दोघींनीही ती ऐकली. अनुराधा उठली.

"थांब," काकू म्हणाल्या. "अशी रिकामी नको जाऊस."

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. अनुराधानं डोळे मिटले, दत्ताचं नाव घेतलं.

काकू कुंकवाचा करंडा, तांदूळ, नारळ आणि हिरवा ब्लाउजपीस घेऊन बाहेर आल्या. "सवाष्ण लांबच्या प्रवासाला निघालीस."

ओटीला नाही म्हणायचं नसतं. तिनं ओढणी पुढं केली. तांदूळ पडत राहिले. मग ती वाकली, काकूंच्या पाया पडली.

बसस्टॉपवर गिरीशचा फोन आला. "काय म्हणाल्या? देतायत?"

मांडीवरचा नारळ घरंगळत होता, तो तिनं धरला.

"ओटी भरली," ती म्हणाली.

तो म्हणाला, "बरं. तिकिटं बघतो."