जमिनीखालचा पाळणा

चिमणीने खेळातल्या घराखाली खड्डा खणला होता. विहिरीसारखा खोल. तळाशी पाळणा, पाळण्यात बाळ, आणि वर एकही दिवा नाही.

आईने हे पाहिलं ते भर दुपारी. धाकटा झोपला होता, चिमणी शाळेत होती. टॅब पुसायला म्हणून हातात घेतला आणि पुसायचं राहूनच गेलं.

टॅबवरचा हा खेळ समुपदेशक ताईंनीच दिला होता. ठोकळ्यांचं जग आणि त्यात आई, बाबा, चिमणी, बाळ अशा चार बाहुल्या. "मुलं तोंडाने सांगत नाहीत ते बांधून दाखवतात," ताई म्हणाल्या होत्या. "नियम एकच. दुसऱ्याने बांधलेलं मोडायचं नाही. कळलं नाही तर विचारायचं."

धाकट्याला ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं, तेव्हापासून चिमणी तोंडाने सांगेनाशीच झाली होती. डॉक्टर म्हणाले, आता भिण्यासारखं काही नाही. पण बाळाचा विषय निघाला की चिमणी ओठ मिटून घेई. त्याला उचलून घेत नसे, लांबून टक लावून बघत राही. एकदा आईने तिला पाळण्यावर वाकलेलं पाहिलं, अगदी नाकाला नाक. आईला बघताच पोर चोरासारखी मागे सरली. त्यानंतर आई अंघोळीला जातानाही पाळणा दाराशी ओढून घ्यायची. का, ते नवऱ्याला सांगितलं नाही, ताईंनाही नाही. पोटच्या पोरीची भीती वाटते, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि आता हा खड्डा.

तिने विचारलं नाही. घर आवरणारीचा हात, भलतंसलतं दिसलं की झाकून टाकायचं. ठोकळ्यामागून ठोकळा टाकत तिने खड्डा बुजवला. वर हिरवळ पसरली, एक फूलही लावलं. मग उगाचच हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या खोलीत टॅब जोडून मोठ्या पडद्यावर खेळ उघडला. बाबा धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते. आईची बाहुली नेहमीप्रमाणे भिंतीवर आपटली.

"घरातही अशीच," बाबा म्हणाले. "दार सोडून बाकी सगळीकडून जाते."

"तुम्ही नका बोलू. तुमची बाहुली मागच्या वेळेपासून तळ्यात उभी आहे."

चिमणी हसली नाही. तिची बाहुली घराला वळसा घालून फुलापाशी थांबली. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"इथला खड्डा?"

आईने फुलाकडे बोट केलं.

"मी... बुजवला गं."

"बाळ आत होतं!" चिमणी किंचाळली. "दिवा दिसला की भुतं येतात, पण जमिनीखाली येत नाहीत! म्हणून मी त्याला तिथे... आई, काढ त्याला! गुदमरेल तो!"

आई खणू लागली. चिमणी ओरडली, "तिथे नाही, फुलाखाली!" माती, मग दगड, मग पुन्हा माती. ठोकळ्यांचीच माती, हे तिला कळत होतं, तरी तिचा स्वतःचा श्वास अडकला. पाळणा नसलाच तर? आपल्याच हाताने चिरडला असेल तर?

पाळण्याची कड दिसली. बाळ होतं तसंच, हसऱ्या तोंडाचं.

चिमणीने पडद्याला कान लावला. "श्वास ऐकू येत नाही."

नाकाला नाक. आईच्या अंगावर सर्रकन काटा आला. "घरीसुद्धा... तू श्वास बघत होतीस?"

"त्या दिवशी बघितला नाही." चिमणीचा आवाज एवढासा झाला. "मी चित्र काढत बसले होते. आणि तो निळा झाला."

ताईंनी टॅब अलगद बाजूला ठेवला. आईने बाबांच्या मांडीवरून बाळाला उचललं. क्षणभर हात आखडला, जुन्या सवयीने. मग तिने बाळ चिमणीच्या कुशीत दिलं.

चिमणीने त्याच्या छातीला कान लावला. बराच वेळ.

"रात्री कोण ऐकतं?"

"मी."

"तू झोपलीस तर?"

हाच प्रश्न आईलाही रोज झोपू देत नव्हता.

"मग मी आहे ना," बाबा म्हणाले.

"बाबा घोरतात. त्यांना काय ऐकू येणार?"

"आम्ही पाळ्या लावू," आई म्हणाली. "घोरणाऱ्याला मी हलवून उठवीन. पण तू झोपायचं."

चिमणीने विचार केला. मान डोलावली. पण बाळाच्या छातीवरचा कान काही तिने काढला नाही.